ॲसिड पातळ करणारी बाई

महाळुंग्याच्या त्या गल्लीत पत्र्याच्या शेडचे बरेच छोटे कारखाने आहेत. त्यांच्या मालकांमध्ये एक गोष्ट ठरलेली आहे: दादासाहेबांच्या लॅबमधल्या बाईच्या तोंडी लागू नये. कुणी हे हसत सांगतं, कुणी चिडून. मंजुषाच्या कानावर ते येतंच. ती म्हणते, "बरोबर आहे. लागूच नये."

मंजुषा मूळची अंबाजोगाईची. तिचे वडील तिथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. प्रॅक्टिकल संपलं की काचेच्या नळ्या, चंचुपात्रं धुवायचं काम त्यांचं. सुट्टीच्या दिवशी ते लेकीलाही बरोबर नेत. नळीच्या तळाशी चिकटलेला निळा, पिवळा, विटकरी साका ब्रशने घासून काढताना ती विचारायची, "हे कशानं झालं?" वडील म्हणायचे, "मला काय माहीत बाई, मी फक्त धुतो. तू शिक आन मला सांग." तिने ते मनावर घेतलं. बारावीनंतर चुलत्यांनी घरी येऊन सांगितलं की पोरीला डी.एड. करू द्या, मास्तरीण होईल, स्थळं चांगली येतील. मंजुषा दारात उभी होती. ती म्हणाली, "मास्तरीण झाल्यावर नळ्या मिळतील का हातात?" ती बी.एस्सी.ला गेली.

लग्न झालं ते केजकडच्या रोहिदासशी. तो भोसरीत एका कंपनीत फिटर. कासारवाडीत रेल्वेच्या रुळांना लागून दोन खोल्या होत्या. गाडी गेली की मांडणीवरची भांडी किणकिणायची. दोन लेकरं शाळेत जायला लागेपर्यंत मंजुषा घरीच होती. मग एके दिवशी तिने ट्रंकेतून पदवीचं प्रमाणपत्र काढलं, त्याची झेरॉक्स केली आणि रोहिदासला म्हणाली, "मी काम बघायलेय. तुमाला सांगायलेय, विचारत नाही." रोहिदास गरीब स्वभावाचा. तो म्हणाला, "मी कधी नाही म्हणालो?"

दादासाहेबांचा कारखाना म्हणजे जस्ताचा मुलामा देण्याचं काम. मोठ्या कंपन्यांसाठी लागणाऱ्या कड्या, पट्ट्या, ब्रॅकेट असं लोखंडी सामान इथे गंजलेलं, काळपट येतं आणि चकचकीत होऊन जातं. मुलामा चढवण्याआधी गंज पूर्ण निघायला हवा. त्यासाठी सामान जाळीच्या टोपलीत भरून ॲसिडच्या टाकीत बुडवायचं. ॲसिड गंज खातं, टोपली वर येते, पाण्यात धुतली जाते आणि पुढच्या टाकीकडे जाते. या पहिल्या टाकीतलं ॲसिड किती तेज आहे हे रोज मोजायला कारखान्याला माणूस हवा होता.

मुलाखत घेतली दादासाहेबांच्या मुलाने, ओंकारने. पुण्याच्या एका कॉलेजातून इंजिनिअर झालेला, बोलायला नीटस, सतत दोन फोन हातात असणारा. त्याने विचारलं, "ताई, कॉम्प्युटर येतो ना? ऑफिसमध्येच बसायचंय तुम्हाला."

"येतो," मंजुषा म्हणाली. "पण मी टाकीजवळ बसणार. टाकी तिकडे आणि मी इकडे, तर मी मोजू काय?"

ओंकार हसला आणि टाकीशेजारची पत्र्याची खोली तिला मिळाली. एक मेज, एक नळ, काचेची उभी नळी आणि काही बाटल्या. टाकीतून काढलेल्या थेंबभर ॲसिडात ती वरून दुसरं द्रावण सोडायची. रंग गुलाबी झाला की थांबायचं आणि किती सोडलं त्यावरून टाकीचा जोर काढायचा. ते काम ती मन लावून करायची. ॲसिडचे निळे कॅन ज्या कोठीत असत, तिची चावीही दादासाहेबांनी तिच्याच हाती दिली. म्हणाले, "बायामाणसाच्या हातात कोठी बरी असती."

टाकीवर कामाला होते ते दत्तोबा आणि त्यांच्या हाताखालची चार-पाच माणसं. दत्तोबा खेडकडच्या डोंगरातल्या एका वाडीचे. उंच, सडपातळ, कमी बोलणारे. टोपली खाली सोडताना ते त्या टोपलीकडे असे बघायचे की जणू लहान पोराला विहिरीवर पोहायला सोडलंय. मंजुषाला ते "ताई" म्हणायचे आणि मंजुषा त्यांना "दत्तोबा".

पहिली काही वर्षं बरी गेली. मग एका मोठ्या कंपनीचं काम मिळालं आणि सगळी गल्ली दादासाहेबांना पेढे मागायला आली. काम मोठं होतं आणि गिऱ्हाईक घाईचं. ओंकारने हिशेब मांडला तेव्हा दिसलं की बाकी सगळं वेगाने होतंय, अडतंय ते पहिल्या टाकीवर. गंज निघेपर्यंत टोपली बुडून राहते आणि मागे टोपल्यांची रांग लागते.

तो मंजुषाच्या खोलीत आला. "ताई, टाकी तेज करू या."

"तेज केली की गंज लवकर निघेल," मंजुषा म्हणाली. "पण वाफही येईल. आत्ताच्या जोरात वाफेत जास्त करून पाणीच असतं. जोर वाढवला तर नुसतं ॲसिड वर येतं. थोडं वाढवलं तरी पुष्कळ येतं."

"मला माहितीये," ओंकार म्हणाला. त्यालाही खरोखरच माहीत होतं. तोही हे शिकलेला होता. "थोडे महिने, ताई. काम हाताला बसलं की बघू. माणसांना मास्क देतो."

मंजुषाने आणखी एकदा सांगितलं. ओंकारने आणखी एकदा ऐकून घेतलं. टाकी तेज झाली. टोपल्या झपझप वर यायला लागल्या आणि टाकीवर पांढरट धुकं दिसायला लागलं. मास्क आले ते कापडी होते. घामाने ओले झाले की ॲसिडची वाफ त्यातच मुरायची, म्हणून माणसं ते गळ्यात लटकवायची. पत्र्याच्या खिळ्यांनाही गंज चढला. थोडे महिने म्हणता म्हणता वर्षं झाली.

दत्तोबांच्या मुलीचं लग्न त्यांच्या वाडीतच झालं. कारखान्यातले सगळे टेम्पोने गेले. मांडवात पंगत बसली तेव्हा मंजुषा वाढायला उभी होती. दत्तोबांच्या पानात तिने पापड ठेवला. त्यांनी तो उचलला, तोंडाच्या कडेला नेला, दाढेने मोडायचा प्रयत्न केला आणि मग गुपचूप आमटीत बुडवून ठेवला. शेजारी टाकीवरची बाकीची माणसं बसली होती. कुणीतरी विनोद केला, सगळे हसले, आणि मंजुषाच्या लक्षात आलं की हसताना सगळ्यांनी तोंडावर हात नेला. नवरी लाजते तसा, एकाच वेळी. ती वाकून वाढत होती म्हणून तिला हाताच्या आडचंही दिसलं. पुढचे दात आखूड होते. कुणाचे अर्धे, कुणाचे नखाएवढे. दत्तोबांच्या वरच्या चार दातांच्या जागी पिवळट खुंट उरले होते. आणि दाढा मात्र सगळ्यांच्या शाबूत.

तिच्या हातातलं वाढणं तसंच राहिलं.

सोमवारी चहाच्या वेळी तिने दत्तोबांना गाठलं. "दात कधीपासून असे झालेत?"

"वय झालं, ताई."

"तुमच्या खालच्या पोरांचं पण वय झालं?"

दत्तोबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "गार पानी लागतं. भाकरी तोडता येत न्हाई, कुस्करून खातो. चाकणात डाक्टरला दावलं, तो म्हनला मिश्री सोडा. मी आयुष्यात मिश्री लावली न्हाई."

मंजुषा त्यांना स्कूटीवर मागे बसवून तळेगावला एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. गल्लीने ते पाहिलं आणि दोन दिवस चघळलं. डॉक्टरीणबाईंनी आरशाने सगळे दात तपासले आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, काम कुठं करता?" ॲसिडवर म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. वाफेत तोंड उघडं ठेवून श्वास घेतला, बोललं, की पुढच्या दातांवर ॲसिड बसतं आणि दात थोडा थोडा विरघळतो. दाढा आत असतात, ओठ-गाल त्यांना झाकतात. "गेलेला दात परत येत नाही," त्या म्हणाल्या. "उरलेले वाचवा. आणि छातीचाही फोटो काढा."

परतताना दत्तोबा मागे बसून एवढंच म्हणाले, "म्हंजी गंज खातं तसंच हे बी खातंय व्हय."

"तसंच," मंजुषा म्हणाली. तिला राग आवरेना. एवढी वर्षं ती रोज त्या टाकीचा जोर मोजत होती, आणि तो जोर दुसऱ्या बाजूने काय खातोय हे तिला लग्नाच्या पंगतीत कळावं!

ती ओंकारकडे गेली. ओंकारने सगळं ऐकलं, कपाळ चोळलं आणि म्हणाला, "चांगले मास्क मागवतो. पण जोर कमी केला तर गाड्या वेळेवर भरणार नाहीत, ताई. काम गेलं तर हीच माणसं घरी बसतील. ते बरं का?" तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती. मंजुषाला ती दिसली, पण तिला त्या भीतीत दातांपेक्षा जास्त वजन वाटेना. ती तशीच उठली आणि दादासाहेबांच्या केबिनमध्ये गेली.

दादासाहेब त्या गावचेच. शेड उभी होती ती त्यांच्या वडिलांच्या शेतावर. तरुणपणी ते भोसरीत दुसऱ्याच्या कारखान्यात असल्याच टाकीवर राबले होते आणि तिथून शिकून त्यांनी स्वतःचं काम उभं केलं होतं. त्यांनी मंजुषाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. मग तोंडात बोट घातलं, वरची कवळी काढली आणि टेबलावर ठेवली. खालचीही काढून वरचीच्या शेजारी ठेवली. त्यांचा चेहरा एकदम आत गेला, अनोळखी झाला.

"ह्ये बग," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "माजं तिशीतच गेलं. मी मेलो का? कारखाना हुबा ऱ्हायला का न्हाई?"

दुसरं कुणी असतं तर तिथून खाली मान घालून निघालं असतं. मंजुषा म्हणाली, "दादासाहेब, तुमचे दात गेले तेव्हा तुम्ही मालक झालात. दत्तोबांचे गेले, ते काय झाले?"

दादासाहेबांनी कवळी उचलली, पुसली, बसवली. दार दाखवलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मंजुषाने शेडच्या मागच्या उघड्या अंगणात एक स्टूल मांडलं. त्यावर काचेचे दोन पेले ठेवले. एकात टाकीतलं ॲसिड, जसंच्या तसं. दुसऱ्यात तेच, पण भरपूर पाण्यात सोडून पातळ केलेलं. तिने चष्मा लावला, हातमोजे घातले आणि सगळ्यांना वाऱ्याच्या उलट बाजूला लांब उभं केलं. मग अंड्याच्या कवचाचे दोन सारखे तुकडे दोन पेल्यांत टाकले.

पहिला पेला खवळला. फेस काठापर्यंत चढला, कवच वरखाली उड्या मारायला लागलं, आणि माणसांच्या हातातला चहा संपायच्या आत त्याची नुसती पातळ कातडी तरंगत राहिली. दुसऱ्या पेल्यात बारीक बुडबुडे निघत होते, सावकाश, आणि कवच अजून कवचासारखं होतं.

"ॲसिड एकच," मंजुषा म्हणाली. "फरक गर्दीचा आहे. आपली शिफ्ट सुटते तेव्हा गेटवर काय होतं?"

"धक्के बसत्यात," कुणीतरी म्हणालं.

"आणि तुम्ही दोघंच बाहेर पडलात तर?"

"मग कशाला बसतील?"

"हे तसंच. ॲसिडाचे कण दाटीनं असले की कवचावर सारखे आदळतात. जितके जास्त आदळतील तितकं लवकर कवच खलास. पाणी घातलं की दाटी मोडते, धक्के कमी, काम हळू. टाकीत गंजाचं हेच होतं. तुमच्या तोंडात दाताचं हेच होतं. दात अंड्याच्या कवचापेक्षा कितीतरी टणक असतो, म्हणून तिथं मिनिटांऐवजी वर्षं लागतात. एवढाच फरक."

एक जण घसा खाकरून म्हणाला, "म्हंजी पातळ केलं तर दात वाचतील?"

मंजुषा खोटं बोलली नाही. "पातळ केलं तर वाफ खूप कमी होईल. त्यावर ओढून नेणारा पंखा बसवला तर आणखी कमी. गेलेले दात येणार नाहीत. राहिलेले राहतील."

सगळे पेल्यांकडे बघत होते. दत्तोबा पुढे आले, दुसऱ्या पेल्यावर वाकले आणि त्यातल्या अजून शाबूत कवचाकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, मग करा की पातळ."

मंजुषाने केलं. त्यासाठी तिला फार काही करावं लागलं नाही. टाकी कामाने आपोआप थकत जाते. गंज खाता खाता ॲसिड संपत जातं आणि म्हणून रोज वरून नवे कॅन ओतावे लागतात. मंजुषाने कोठीला कुलूप घातलं आणि चावी पदराच्या गाठीला बांधली. कॅन निघेनात. टाकीतला जोर पहिल्या वर्षीसारखा होईपर्यंत तिने वाट पाहिली आणि मग तो तिथेच धरून ठेवला. धुकं विरलं. टोपल्या पूर्वीसारख्या बुडून राहायला लागल्या.

ओंकार धावत आला. "ताई, टाकी मेली का?"

"मेली नाही. तिला दमानं घ्यायला लावलंय."

"गाडी दारात उभी आहे!"

"उभी राहू दे."

तेवढ्यात दादासाहेब आले. त्यांना कुणीतरी फोन केला असावा. ते चप्पल घातलेल्या पायांनी तसेच टाकीपर्यंत आले. सगळं काम थांबलं. मुलाम्याच्या टाक्यांवरच्या बायाही हात पुसत येऊन उभ्या राहिल्या.

"शेड माजी, ॲसिड माजं, आन कुलूप तुजं?" दादासाहेबांनी विचारलं. "चावी दे."

"चावी तुम्हीच दिली होती. टाकीचा जोर सांभाळ म्हणून दिली होती. मी सांभाळतेय."

"दे म्हनतो!"

"नाही देणार."

दादासाहेबांचा आवाज चढला. त्यांनी तिला निघून जायला सांगितलं. ती म्हणाली, "काढलंत तर जाईन. पण आधी सगळ्यांसमोर सांगा, का काढलं." त्यांनी ते सांगितलं नाही. त्यांनी हातोडा मागवला आणि स्वतःच कोठीचं कुलूप तोडलं. मग टाकीवरच्या माणसांना म्हणाले, "चला, उचला क्यान. वता."

कुणी हललं नाही.

"ऐकू येत न्हाई?"

कुणी हललं नाही. दत्तोबा टाकीच्या काठाला हात टेकून उभे होते. त्यांच्या मागे ती चार-पाच माणसं. घाबरलेली होती सगळी, चेहऱ्यावरून दिसत होतं. एकाचे ओठ पांढरे पडले होते. पण पाय जागचे हलत नव्हते.

मग दादासाहेबांनी कुणाला कल्पना नसलेली गोष्ट केली. त्यांनी एक निळा कॅन स्वतः उचलला. म्हातारा माणूस, पण अंगात जुनी रग होती. कॅन छातीशी धरून ते टाकीच्या पायऱ्या चढले. झाकण उघडलं. पांढरी वाफ सरळ त्यांच्या तोंडावर आली आणि त्यांना ढास लागली. डोळ्यांत पाणी आलं तरी कॅन सोडेनात. ओंकार ओरडला, "बाबा, खाली या!" मंजुषा पुढे झेपावली, पण तिच्या आधी दत्तोबा पोचले होते. त्यांनी दादासाहेबांच्या हातावर हात ठेवला, कॅन घट्ट धरला, दुसऱ्या हाताने झाकण दाबलं.

"सोड," दादासाहेब खोकत म्हणाले.

"न्हाई, मालक."

"सोड म्हनतो ना, दत्त्या! जलम ह्येच केलंय मी."

"म्हनूनच," दत्तोबा म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "आता तुमी बी न्हाई आन आमी बी न्हाई."

दोघं म्हातारे तो एक कॅन धरून पायरीवर उभे राहिले. दादासाहेब दत्तोबांच्या तोंडाकडे बघत होते. दत्तोबांनी या वेळी हात आडवा नेला नव्हता. दोन्ही हात कॅनला गुंतलेले होते. ते चार खुंट उघडे पडले होते. मग दादासाहेबांची पकड सैल झाली. कॅन खाली आला. ते कुणाशी न बोलता शेडबाहेर गेले आणि नळावर तोंड धुवत बसले.

ती गाडी त्या दिवशी अर्धीच भरून गेली. ओंकार केबिनमध्ये दार लावून बसला होता. दुपारनंतर तो मंजुषाच्या खोलीत आला. खुर्चीवर बसला नाही, मेजाला टेकून उभा राहिला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "टाकी हळू चालली तर टोपली जास्त वेळ बुडते. पण हळू चालणाऱ्या दोन टाक्या असल्या, तर?"

मंजुषाने त्याच्याकडे पाहिलं. "तर माल तेवढाच निघेल."

"मी हे आधी का नाही म्हटलं?"

"कारण तेज करणं सोपं होतं."

ओंकारने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जागा नाही, ताई. दुसरी टाकी ठेवू कुठे?"

शेडला लागून दादासाहेबांची गाडी उभी करायला छप्पर होतं. दोघांनी एकदमच तिकडे पाहिलं. मंजुषा म्हणाली, "आणि दोन्ही टाक्यांवर ओढणारा पंखा. तो पाहिजेच."

घरी रोहिदासला ती हे सांगत होती तेव्हा तो जेवायचा थांबला. "काढलं असतं तर गं तुला?"

"काढलं नाही ना."

"पण काढलं असतं तर?"

"तर दुसरीकडं जाऊन मोजलं असतं. मला मोजायला येतं, ते कुणी काढून घेणार आहे का?"

रोहिदासने भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "आमच्या कंपनीत मला इतकी वर्षं झाली, एकदाही 'नाही' म्हणालो नाही कुणाला." तिला त्यात दोष दिसला नाही, कौतुकही दिसलं नाही. तिने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

दुसरी टाकी आली. पंखाही आला, गल्लीतल्या लोकांनी टवाळी करण्याइतका मोठा आवाज करणारा. दादासाहेबांची गाडी उन्हात उभी राहायला लागली. त्यांनी मंजुषाशी बोलणं टाकलं. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली तेव्हा सगळ्यांच्या हातात प्रसाद ठेवला, तिच्या वेळी ताट ओंकारकडे दिलं. कोठीला नवं कुलूप आलं आणि त्याची चावी आता ओंकारकडे असते. मंजुषाला हे लागलं. नाही म्हणायचं कारण नाही. चावी म्हणजे त्या शेडमध्ये तिचा मान होता.

मग तिने एक नवीन पद्धत पाडली. सकाळी टाकीचा जोर मोजला की ती खोलीच्या दारात येते आणि पंख्याच्या वर जाईल अशा आवाजात आकडा ओरडून सांगते. हंगामातल्या भाजीवालीसारखा. टाकीवरची माणसं ऐकतात, मुलाम्यावरच्या बाया ऐकतात, ट्रकचा ड्रायव्हर ऐकतो. आकडा ठरल्यापेक्षा वर असला तर पाणी घालून तो उतरेपर्यंत कुणी टोपली लावत नाही. ओंकारने एकदा सुचवून पाहिलं, "ताई, मला मेसेज केला तरी चालेल." ती म्हणाली, "तुम्हाला मेसेजही करते." दादासाहेब केबिनमधून ऐकतात. त्यांनी अजून ओरडू नको असं सांगितलेलं नाही.

दत्तोबांनी विम्याच्या दवाखान्यातून कवळी बसवून घेतली. मंजुषा तिथे त्यांच्याबरोबर खेटे घालत होती आणि खिडकीतल्या माणसाशी भांडली होती. कवळी त्यांना आवडत नाही. "दगुड ठिवल्यासारकं वाटतं," म्हणतात आणि जेवताना काढून खिशात ठेवतात. खोकला कमी झाला आहे, गेलेला नाही. हाताखालच्या माणसांचे दात मात्र आहेत तिथे थांबलेत. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलं.

गल्लीत बातमी पसरली होती. शेजारच्या दोन कारखान्यांतही अशाच टाक्या आहेत, तशाच तेज. मालकांची बैठक झाली तेव्हा त्यांनी दादासाहेबांना ऐकवलं की तुमच्या बाईला आवरा, आमची माणसं बिघडवायची. दादासाहेब म्हणाले, "मला न्हाई जमलं. तुमी बगा जमतंय का." हे मंजुषाला ओंकारने सांगितलं आणि सांगताना तो बऱ्याच दिवसांनी मोकळा हसला.

त्या मालकांनी खरोखर प्रयत्न केला. एकाने निरोप धाडला की आमच्याकडे या, वरची जागा देतो, टाकीकडे बघायचं नाही. दुसऱ्याने गेटवरच्या वॉचमनला तिचा फोटो दाखवून ठेवला. निरोप आणणाऱ्याला तिने चहा पाजला आणि परत पाठवलं. वॉचमनचं ऐकून मात्र ती चिडली. म्हणाली, "फोटो कशाला? मीच जाते की."

गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत ती त्या गेटसमोर जाऊन उभी राहिली. वॉचमन म्हणाला, "म्याडम, आत सोडू नको म्हणून सांगितलंय."

"आत कुठं येतेय? रस्ता तुमच्या मालकाचा आहे का?"

वॉचमन स्टुलावर परत बसला. माणसं डबे घेऊन बाहेर यायला लागली. लिंबाच्या सावलीत बसायची त्यांची रीत होती. मंजुषा त्यांच्यात जाऊन दगडावर बसली. त्यांतल्या काहींनी तिला ओळखलं, काहींनी नाही. एक पंचविशीचा मुलगा डबा उघडता उघडता म्हणाला, "तुम्हीच का त्या, रोज सकाळी ओरडणाऱ्या?"

"मीच," ती म्हणाली. "टाकीवर कोण आहे तुमच्यातलं?"

त्याच्यासह तिघांनी मान हलवली.

"जरा दात दाखवा," मंजुषा म्हणाली.

ते एकमेकांकडे बघून हसले, आणि हसताना तिघांचेही हात तोंडावर गेले. गेटच्या आतून मालकाचा मॅनेजर तरातरा येत होता. मंजुषाने त्याला येताना पाहिलं, पदर खोचला आणि दगडावर आणखी नीट बसली.